कारवीच्या काठीवरच्या दोन खाचा

मी एक जुना पिकअप आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. खटारा म्हणालात तर मात्र मी ऐकून घेणार नाही. माझा रंग तीन ठिकाणी उडाला आहे, डावा आरसा तारेने बांधला आहे आणि हॉर्न वाजवायला स्टेअरिंगवर मूठ आपटावी लागते. पण डहाणूकडच्या कासा गावाच्या पुढे डोंगरात वांगणपाडा आहे ना, तिथे रोज जाणारी गाडी एकच. ती मी. आहे कुणी दुसरा, तर येऊन दाखवावं.

मित्रांनो, माझा जन्म सन दोन हजार दोनचा, एका मोठ्या कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं, की माझ्या चारी कोपऱ्यांना पोलादी पाटे बसवले तेव्हा मला उभं राहिल्यासारखं वाटलं. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पट्ट्या. गाडीचं ओझं त्यांच्यावर असतं. खड्डा आला की त्या दबतात आणि पुन्हा उसळतात. तुमचे गुडघे जे काम करतात, तेच माझे पाटे करतात.

डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत मी बारा वर्षं काढली. चिकूचे क्रेट स्टेशनापर्यंत, कधी वापीपर्यंत वाहिले. वाडीचे मालक चारचौघांत सांगायचे, हा पिकअप कशाला नाही म्हणत नाही. आणि मी मूर्ख, त्या कौतुकाला भुललो! ते दुप्पट भरत गेले, मी ओढत गेलो. माझ्या पाट्यांची कमान गेली, ते पाटीसारखे सपाट झाले. मग एक दिवस दारात नवी गाडी आली आणि मला वाडीच्या मागे गवतात नेऊन ठेवलं. गरज सरो नि वैद्य मरो. एका कोंबडीने माझ्या सीटवर अंडी घातली, उबवली, पिल्लं काढली. मला इतका राग आला होता, की काय सांगू. पण बंद पडलेल्या गाडीच्या रागाला कोण विचारतो?

विचारलं ते नितीनने. वांगणपाड्याचा हा तरुण त्याच वाडीत क्रेट भरायला यायचा. दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर त्याने मालकांकडून मला मागून घेतलं. बाकीचे मजूर हसले. हे धूड घरीसुद्धा पोचणार नाही, असं म्हणाले. नितीनने तीन दिवस माझं इंजिन खोललं, पुसलं, जोडलं. चौथ्या दिवशी मी असा काही धूर सोडला, की हसणाऱ्यांची तोंडं काळी झाली.

वांगणपाड्यात नितीनचं घर म्हणजे चार माणसं. वडील काकड्याबाबा, आई सोनीबाई, नितीन आणि त्याची बायको शुक्री. त्यांची थोडी भातशेती, थोडी नाचणी. मी आलो आणि सकाळी कासाच्या बाजाराला जाणाऱ्या बायका, दवाखान्याची माणसं, खताच्या गोणी, सगळं माझ्यात बसायला लागलं. फक्त एक वैरी वाटेत बसला होता. पाडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओहळ आहे, आणि त्या ओहळाच्या ऐन मधोमध एक काळा कातळ वर आलेला आहे.

माझ्या मागच्या दोन चाकांमध्ये लोखंडी आस आहे. त्या आसाच्या मधोमध लाल भोपळ्याएवढा गोळा आहे, इंजिनाची ताकद त्यातूनच चाकांना मिळते. हा गोळा म्हणजे माझं सगळ्यात खाली आलेलं अंग. भरलेला असलो की टायर दबायचे आणि तो नेमका त्या कातळावर आदळायचा. म्हणून ओहळ आला की सगळे उतरायचे, पाण्यातून चालत पलीकडे जायचे आणि मी रिकामा, हळूहळू, अंग चोरून निघायचो. कातळ फोडून पाहिला होता. तो खालच्या डोंगराचाच भाग होता, पहार वाकली पण तो हलला नाही. बाजूने जायला एकीकडे लोकांचं भात, दुसरीकडे उभी दरड.

दोन हजार पंधराच्या थंडीत शुक्रीच्या पोटात कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण. तिला मागे गोधडीवर निजवलं, बरोबर सोनीबाई आणि शेजारच्या तीन बायका बसल्या. शुक्रीला उतरणं शक्य नव्हतं. ओहळात मी जोर लावला आणि गोळा कातळावर चढून अडकला. मागची चाकं हवेत फिरत राहिली. शेवटी काकड्याबाबांनी आणि पाड्यातल्या माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि तिला खांद्यावरून डांबरीपर्यंत नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. शुक्री वाचली. बाळ गेलं.

मला त्या दिवशी स्वतःची शरम वाटली. अजून वाटते. नितीनने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मला ओहळातून मागे घेतलं, घरी आणलं आणि आठ दिवस माझ्या दाराला हात लावला नाही.

दोन हजार सतरामध्ये शुक्रीला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात नितीनने ठरवलं, गाडी उंच करायची. यावेळी कातळाच्या वरून जायचं. हायवेवर दिपक नावाच्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने बरेच मार्ग दाखवले. पाट्यांना टांगणारे जोड लांब करता येतात. पाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालता येतात. मुंबईचे हौशी लोक फार्महाऊसवर जायला लावतात तसे उंच पाट्यांचे संचही मिळतात. नितीनला घाई होती. त्याने विचारलं, सगळ्यात उंच कशाने होईल? दिपक म्हणाला, ठोकळ्यांनी. झालं! चारी कोपऱ्यांत ठोकळे बसले आणि मी आठ बोटं वर गेलो.

खोटं कशाला बोलू? मला मस्ती चढली. हायवेवरच्या मोठ्या गाड्यांकडे मी पहिल्यांदाच बरोबरीने बघितलं. वळणावर जरा झोकांड्या जात होत्या, पण तोऱ्यात कोण लक्ष देतो. आणि ओहळात त्याच तोऱ्यात, अंग न चोरता आलो तर, खण्ण! गोळा त्याच कातळावर, त्याच जागी. नितीनला वाटलं, आपलं स्टेअरिंग चुकलं. रिकामा होतो, कसाबसा सुटलो.

पाड्यात पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग शुक्री आली. तिला पुढच्या दाराने आत बसायचं होतं. तिने पायरीवर पाय ठेवायला गुडघा उचलला, पाय पोचेना. पोट सावरून पुन्हा उचलला. नितीनने आणि एका शेजाऱ्याने तिला काखेतून धरून वर चढवायला हात पुढे केले, तशी ती मागे सरकली.

"मी गोणी नाही," ती म्हणाली. "चढेन तर माझ्या पायाने. नाहीतर चालत जाईन."

आणि गेली की चालत! तिच्यामागे बाजाराच्या बायकाही गेल्या, कारण मागच्या बंपरवरही कुणाचा पाय पोचत नव्हता. नितीनने खाली लोंबती पायरी जोडून आणली, ती ओहळाच्या दरडीने दुसऱ्याच दिवशी उपटून काढली. स्टूल ठेवून बघितलं, तर ते भरल्या टोपल्यांखाली डगमगलं. पंधरा दिवस मी कासाला रिकामा गेलो आणि रिकामा आलो. एवढा उंच आणि एवढा निकामी मी कधीच नव्हतो.

दिपक म्हणाला, अजून चार बोटं चढवू. नितीन तयारही झाला. तेव्हा काकड्याबाबा मध्ये पडले. म्हाताऱ्याने आयुष्यात गाडी चालवलेली नाही, पण चाळीस वर्षं बैलगाडी हाकली आहे. ते ओहळात कातळाशेजारी चक्क आडवे झाले आणि मला अंगाजवळून हळूहळू न्यायला सांगितलं. मग उठून, धोतर पिळत म्हणाले, "बैलगाडीची माल ठेवायची साटी उंच बांधली म्हणून आस उंच होतो का रे? आस चाकावर असतो. तू हिची पाठ उचललीस. गोळा तिथंच आहे."

मित्रांनो, मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं! ठोकळे आसाच्या वर होते, ते वरचं सगळं उचलत होते. गोळा चाकांच्या मापाने राहतो, तो तसूभर हलला नव्हता. पण मला विचारलं कुणी? आणि खरं तर, विचारलं असतं तरी मी माझ्या तोऱ्यात होतो.

काकड्याबाबांनी कारवीची एक सरळ काठी तोडली. चाकं जातात त्या जागी, ओहळाच्या तळाशी ती उभी धरली आणि कातळाच्या माथ्यापाशी कोयत्याने खाच पाडली. मग घरी येऊन शुक्रीला अंगणात उभं केलं. भिंतीला धरून पाय जेवढा वर जाईल तेवढा उचल म्हणाले. तिने उचलला. तळव्याच्या खाली दुसरी खाच पडली. बाबांनी काठी नितीनच्या हातात दिली. गोळा खालच्या खाचेच्या वर हवा, पायरी वरच्या खाचेच्या खाली हवी, बस्स. गाडी तेवढीच उंच करायची.

दिपक आधी हसला. मग काठी माझ्याखाली धरून बराच वेळ वाकून बसला. उठला तेव्हा हसत नव्हता. चूक माझी, असं तो सरळ म्हणाला, आणि त्यासाठी मी त्याला मानतो. त्याने ठोकळे काढून फेकले. भंगारातल्या एका जीपची मोठी चाकं मला बसवली, त्याने गोळा दोन बोटं वर गेला. माझे सपाट झालेले पाटे तापवून, ठोकून पुन्हा कमानीत आणले आणि एक जादा पट्टी घातली, म्हणजे मोठी चाकं पत्र्याला घासू नयेत आणि भरल्यावर माझी पाठ बसू नये. आठ बोटांचा माझा तोरा चार बोटांवर आला. काठी लावली. गोळा खालच्या खाचेच्या एक बोट वर. पायरी वरच्या खाचेला अगदी चिकटून, पण खाली.

डिसेंबरातल्या एका सकाळी शुक्रीला कळा सुरू झाल्या. ती दारापर्यंत चालत आली. सगळे हात पुढे करून उभे होते, पण कुणी तिला धरलं नाही. तिने दाराची दांडी पकडली, पाय उचलला, पायरीवर ठेवला आणि वर आली. ओहळ आला. नितीनचा घाम स्टेअरिंगवर टपकत होता. मागे सोनीबाई आणि चार बायका बसलेल्या, एकही उतरली नाही. कातळ माझ्या पोटाखाली आला आणि मी मनात म्हटलं, ये, आज बघतोच तुला. पुढची चाकं गेली. गोळा आला. काही वाजलं नाही. मागची चाकं पलीकडच्या काठावर चढली आणि नितीन एवढ्या मोठ्याने रडला, की शुक्रीला कळांमध्येही त्याला गप्प बस म्हणावं लागलं.

दुपारी कासाच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिचं नाव तुळशी.

यंदा, दोन हजार एकोणीसमध्ये, एक विक्रेता चकचकीत नवा पिकअप घेऊन पाड्यात आला. डांबरीच्या पुढे त्या पिकअपलाही लोकांनी ढकलत आणलं होतं, ते सोडा. जुनी गाडी द्या, ही घ्या, असं त्याचं म्हणणं. नितीन जरा घुटमळला. मला ते दिसलं. मला पुन्हा ते गवत आणि ती कोंबडी आठवली. तेवढ्यात सोनीबाईने माझ्या सीटमागून कारवीची काठी काढली आणि नव्या गाडीला लावली. गोळा खालच्या खाचेच्या खाली. पायरी वरच्या खाचेच्या वर.

"तुझी गाडी चांगलीच असेल, बाबा," ती विक्रेत्याला म्हणाली. "पण ती आमच्या मापाची नाही. ही आहे."

तर मित्रांनो, गाडी उंच करायची असेल तर जरूर करा. पण आधी खाली वाकून अडथळा बघा, आणि मग त्या गाडीत चढणाऱ्याचा पाय बघा. जुन्या गाडीला दुप्पट भरू नका, तिच्या पाट्यांना वर्षातून एकदा तेल द्या, आणि तिला टाकून देण्याआधी एकदा काठी लावून बघा. टाकून दिलेलं सगळंच टाकाऊ नसतं. मी हे कुणालाही तोंडावर सांगेन.

आता मला जरा थांबायला हवं. माझ्या पुढच्या दारापाशी तुळशी उभी आहे. पायरी तिच्या छातीला लागते. नितीनने आपल्या सीटवरून वाकून तिला उचलायला हात पुढे केले, तर तिने ते ढकलून दिले आणि दोन्ही हातांनी पायरी धरून गुडघा वर टाकला. पडली. पुन्हा टाकला. नितीन माझी किल्ली फिरवायला बघतो आहे, पण मी चालू व्हायचा नाही. चढ बाई, तुझ्या पायाने चढ. मी थांबलो आहे.