आपली बाटली

बुचावरची लाख एका बाजूनं जरा उडाली होती, आणि गुरुसिद्धप्पाला मघापासून तेवढंच दिसत होतं. लालभडक लाख, मध्ये नखाएवढा टवका... नाव तलावाच्या मध्यावर आली होती. मागं दगडोबा वल्हं मारत होता, समोर गादीवर निजामाचे अंमलदार रायसाहेब रेलले होते, त्यांच्या शेजारी ही गाठ घालून देणारे आण्णासाहेब देशमुख. आणि जळकोटात ज्याच्या दुकानाच्या पायरीवर विडी पेटवायलाही लोक कचरत, त्या कडक लिंगायत गुरुसिद्धप्पाच्या मांडीवर विलायती दारूची बाटली होती.

नियम आण्णासाहेबांनी परवाच समजावला होता. ‘साहेब नावेत कुणाला पाजत न्हाईत. ज्यानं त्यानं आपली बाटली आणायची. पहिला पेला साहेबाला, दुसरा आपल्याला. कोरडा बसलेला माणूस त्यांना जासूस वाटतो. दोन घोट घ्या, मग शांतलिंगाचं काढा.’

शांतलिंग — धाकटा भाऊ. शाळेवर तिरंगा चढवला म्हणून आठ दिवस हवालातीत होता, आणि उद्या त्याला हैदराबादला हलवणार होते. एकदा हलवला की कुणाला विचारायचं, कुठं जायचं... त्याला सोडायचा कागद रायसाहेबांच्या सहीसाठी अडला होता. एका सहीसाठी, आणि त्या सहीच्या आधीच्या दोन घोटांसाठी.

घशाला नुसती कोरड पडली होती. सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता — कारण सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं गळ्यातलं लिंग उतरवून बायकोच्या, शिवम्माच्या हातात दिलं होतं. ‘दोरा इरलाय. नवा ओवून ठिव.’

‘श्रावण लागल्यावच तर ओवला की,’ ती म्हणाली होती.

कोट खुंटीवर तसाच ठेवून तो परसात गेला. त्यानं मनाशी सगळं ठरवलं होतं. लिंग घरी राहील, सोवळं राहील. नावेत जाईल तो कोटातला कुणीतरी माणूस. तो पिईल, चूळ भरेल, परत येईल, आणि मग गुरुसिद्धप्पा आंघोळ करून पुन्हा गुरुसिद्धप्पा होईल. मात्र लिंग गळ्यात नाही म्हणजे पाणी नाही, ही चाळीस वर्षांची सवय — ती त्यानं इमानेइतबारे पाळली होती. आण्णासाहेबांच्या वाड्यावर पुढं आलेला तांब्याही त्यानं परत केला होता. लिंगावाचून पाणी चालत नाही आणि दारू चालते, ही गोम त्या शहाण्याच्या आता ध्यानात येत होती... आता, चहूकडे पाणी असताना.

पाणी. हिरवं, जड, असंच होतं लहानपणी त्या घरामागच्या विहिरीतलं. शांतलिंग पाच वर्षांचा होता, पायरीवरून घसरला आणि आवाजसुद्धा झाला नाही — मी पालथा पडलो, हात घातला, बोटांना काही लागेना, मग दोरा लागला. त्याच्या गळ्यातला लिंगाचा दोरा. मी तो मुठीत धरला आणि ओढला, आणि तुटला तर, तुटला तर, एवढंच डोक्यात... तुटला नाही. बाप म्हणाला, दोऱ्यानं राखलं. आई म्हणाली, न्हाय, थोरल्यानं राखलं. कुणाचं खरं, हे त्यानं पुढं कधी कुणाला विचारलं नाही.

‘क्यों जी गुरसिद्दप्पा,’ रायसाहेब हसत म्हणाले, ‘बोतल सिर्फ दिखाने को लाए क्या?’

आण्णासाहेबांनी कोपरखळी मारली. गुरुसिद्धप्पानं लाख खरवडायला चाकू काढावा म्हणून कोटाच्या आतल्या खिशात हात घातला — आणि बोटांना दोरा लागला.

लिंगाची चांदीची डबी दोऱ्यात गुंडाळलेली होती. दोरा तोच, श्रावणातला. शिवम्मानं तो बदललाच नव्हता. बदलायचा नव्हता, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तिनं नुसतं जे ज्याचं ते त्याच्या खिशात ठेवलं होतं. त्याला तिचा भयंकर राग आला. मग लाज वाटली, कान तापले. म्हणजे सकाळपासून ते छातीशीच होतं. कोटातला कुणी दुसरा माणूस नावेत बसलाच नव्हता.

त्यानं डबी बाहेर काढली, कपाळाला लावली आणि दोरा गळ्यात घातला. चोरून नाही, सगळ्यांदेखत.

‘ये क्या?’ रायसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

‘आमचं हाय, साहेब.’

‘गुरुसिद्धप्पा, येळ कुठली, करताव काय तुमी?’ आण्णासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

‘आदी पानी पितो.’

तो नावेच्या काठावर वाकला. नाव त्याच्या बाजूला कलली, दगडोबानं वल्हं थांबवलं. एक ओंजळ, दुसरी ओंजळ... पाणी कोमट होतं, शेवाळाचा वास होता, आणि इतकं गोड पाणी तो कधी प्यायला नव्हता. आठ दिवस छातीत जे धडधडत होतं ते आताही धडधडत होतं. पण इतके दिवस त्यात कोण बघेल, कोण काय म्हणेल हेच जास्त होतं, आणि आता त्यात फक्त शांतलिंग होता.

ओल्या हातांनीच त्यानं लाख खरवडली. बूच निघालं. पहिला पेला त्यानं काठोकाठ भरून साहेबांपुढं ठेवला. मग बूच परत लावून बाटली खाली ठेवली.

रायसाहेबांनी पेल्याला हात लावला नाही. ते दुसऱ्या, रिकाम्या पेल्याकडे बघत होते, आणि गुरुसिद्धप्पा त्यांच्याकडे.