तांब्याचा खिळा

आर्विडने आगकाडीचं टोक दातांनी चपटं केलं आणि चाकूच्या सांध्यात साचलेला मळ हलक्या हाताने उकरायला घेतला. पात्याच्या मुळाशी कारखान्याचा ठसा असतो, तो मळाखाली बुजला होता. शेजारी ओहायोच्या कुणा गृहस्थाने पाठवलेले दोन चाकू होते, पाठवण्याआधी लखलखीत घासलेले. त्यांचे ठसे पार गेले होते. आता त्याला काय कळवायचं? की बाबा रे, आजोबांच्या चाकूचं नावगाव तूच पॉलिश लावून पुसून टाकलंस.

घासू नका, हे तो जुन्या चाकूंच्या हौशी मंडळाच्या पत्रिकेत अंकाअंकाला लिहीत आला होता, आणि लोक अंकाअंकाला घासूनच पाठवत होते. त्याचं सदर कोळ्यांच्या मिटत्या चाकूंचं. एक लांब पातं मासा चिरायला, दुसरं दातेरी, खवले काढायला, त्याच्या टोकाला माशाच्या तोंडातला गळ सोडवायची दुबेळकी खाच, आणि मुठीत गळाला धार लावायचा दगड. लोक चाकू पाठवत, आर्विड कारखाना आणि दशक सांगे. सदराखाली सव्वीस वर्षं त्याच दोन ओळी छापून येत होत्या: पिवळ्या मुठीचा, मधला खिळा तांब्याचा, असा चाकू कुणाला आढळल्यास कृपया कळवावे. वाचकांना वाटे, म्हाताऱ्याला संग्रहाची हाव सुटलेली आहे. खण दोनशे चाकूंनी भरला होता, तेव्हा त्यांचंही काही चुकत नव्हतं.

तो चाकू लायलचा, आर्विडच्या एकुलत्या एका मुलाचा. मधला खिळा तुटला तेव्हा आर्विडनेच जुन्या होडीच्या फळीतला तांब्याचा खिळा काढून ठोकून दिला होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात वीस वर्षांचा लायल छोटी होडी घेऊन सुपीरियर तलावात गेला. दुसऱ्या दिवशी होडी रिकामी सापडली. या तलावाचं पाणी इतकं थंड की बुडालेलं माणूस वर येत नाही, त्यामुळे प्रेत मिळालं नाही याचं गावात कुणाला नवल वाटलं नाही. आर्विडचा हिशेब साधा होता. चाकू लायलच्या खिशात होता. लायल तळाशी गेला असेल तर चाकूही गेला. चाकू कुठे जमिनीवर निघाला, तर पोरगा वाचला.

तो वाचलेला असणं आर्विडला फार गरजेचं होतं. जाळ्यांची खूण म्हणून तरंगणारा बोया नीट बांधला नाही म्हणून लायलने तीन जाळी घालवली होती आणि आर्विडने त्या सकाळी त्याला धक्क्यावर सुनावलं होतं, जाळी सापडल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस. हे त्याने बायकोला कधी सांगितलं नाही. सेल्माने चर्चजवळच्या बुडालेल्यांच्या दगडावर लायलचं नाव कोरू दिलं नव्हतं. जिवंत माणसाचं नाव दगडावर घालतात का, म्हणाली होती.

आता सेल्मा पुढच्या खोलीत खिडकीशी अंथरुणाला खिळली होती. ऑगस्ट निघेल, पुढचं सांगवत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ऑगस्टचे नऊ दिवस उरले होते. रोज टपालाच्या वेळेला ती विचारायची, काही आलं? रोज आर्विड नाही म्हणायचा. गेल्या आठवड्यात त्याचा धीर सुटला. खणातला एक पिवळ्या मुठीचा चाकू काढून त्याने त्यात तांब्याचा खिळा ठोकला आणि खिळा नवा दिसू नये म्हणून मीठ आणि व्हिनेगर चोळलं. सव्वीस वर्षं ज्याने लोकांचे नकली चाकू उघडे पाडले, त्याने स्वयंपाकघरात बसून स्वतः एक नकली चाकू केला. तो सदऱ्याच्या खिशात तयार होता. तिच्या हातात द्यायचा, लायल वाचला म्हणायचं आणि तिला सुखाने जाऊ द्यायचं. चार दिवस त्याला ते जमलं नव्हतं.

मागचं दार वाजलं. मर्ना टपाल घेऊन आली होती. टपालात लागण्याआधी ती धक्क्यावर मासे तोलायला असे.

"घे, आली तुझी शस्त्रं. एक दिवस पोलिस मलाच धरून नेणार."

मग आवाज खाली आणून तिने सेल्मा काही खाते का विचारलं. दोन घास बटाटा, मासा नको म्हणते, असं आर्विडने सांगितलं. मर्ना थोडी घुटमळली आणि गेली.

डबीवर अलास्काचा शिक्का होता. आर्विड नेहमी आधी चाकू बघे आणि मग पत्र, कारण पत्रात माणसं काहीही लिहितात. त्याने कागदाची घडी बाजूला ठेवली, चिंधी सोडली आणि चाकू दिव्याखाली धरला.

मूठ जुन्या दातासारखी तपकिरी पडली होती. खिळा तांब्याचा होता. खिळ्याशेजारी नखाएवढी, चंद्रकोरीसारखी खाच होती. ठोकताना हातोडी घसरली होती, हे तो विसरूनच गेला होता. खिशातल्या चाकूवर ती खाच नव्हती. त्याने पातं उघडलं. धार लावून लावून ते निम्म्यावर आलं होतं. सांध्यात एक वाळलेला खवला अडकलेला होता. असं पातं एकदोन वर्षांत झिजत नाही. वीस-पंचवीस वर्षं रोज कुणीतरी त्याने मासे चिरले होते.

वाचला, म्हणजे वाचला होता. आर्विडला हुंदका आला. मग त्याने पत्र उघडलं, पहिलीच ओळ वाचून तो खुर्चीत बसून राहिला, आणि मग ते शेवटपर्यंत दोनदा वाचलं.

"काही आलं?" आतून सेल्माने विचारलं.

तो आत गेला आणि चाकू तिच्या तळहातावर ठेवला. तिने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"गेल्या आठवड्यात ठोकत होतास तो हाच ना? कान शाबूत आहेत माझे, म्हाताऱ्या."

आर्विडने खिशातला चाकू काढून चादरीवर ठेवला.

"तो हा."

सेल्माने दोन्ही चाकूंकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिचा अंगठा आपसूक हातातल्या चाकूच्या खिळ्यावरून सरकला आणि शेजारच्या खाचेवर थांबला. लायलचा खिळा ठोकला त्या दिवशी मूठ हलू नये म्हणून तिनेच ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

"पत्र असेल बरोबर," ती म्हणाली. "वाच."

आर्विड वाचू लागला. पत्र एका मुलीचं होतं. माझे वडील मार्चमध्ये हृदयविकाराने गेले. इथे सेल्माने चादर मुठीत घट्ट धरली, पण त्याला थांबू दिलं नाही. त्यांच्या पेटीत हा चाकू आणि तुमच्या पत्रिकेचे अंक मिळाले, अकरा वर्षांचे. तुम्ही ज्या चाकूची चौकशी करता तो हाच असावा. तो कुणाचा चोरलेला असेल तर ठेवून घ्या, पण बाबा चोर नव्हते. इथे आर्विडने एक ओळ गाळली आणि पुढे गेला. चाकूवरून माणसाचं गाव सांगता येतं का? आपली, डार्सी नीगार्ड.

"नीगार्ड," सेल्मा म्हणाली. ते तिचं माहेरचं आडनाव. "माझ्या बापाचं नाव लावलं त्याने."

"हो."

"मधलं काय गाळलंस?"

"काही नाही."

"आर्विड. मला आता वेळ नाही रे."

त्याने कागद डोळ्यांशी नेला. अक्षरं दिसत नव्हती, पण ती ओळ त्याला पाठ झाली होती.

"घर कुठलं म्हणून विचारलं की बाबा हसायचे. म्हणायचे, आधी जाळी सापडू देत, मग घरी जाऊ. याचा अर्थ आम्हाला कधी कळला नाही."

खाली तलावावर कुणाचं तरी इंजिन फटफटत दूर गेलं. आर्विड पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. धक्क्यावर मी त्याला म्हणालो होतो, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा म्हणता आलं.

"मर्नाने मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं," सेल्मा म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होते."

तिला धाप लागली. त्याने तिच्या पाठीला उशी लावली.

"अकरा वर्षं तुझं लिहिलेलं वाचत होता तो," ती म्हणाली. "आणि तू चाकूच मागत बसलास. पोरा, तू ये, असं एकदा तरी लिहायचं होतंस."

सेल्माने पात्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"पोटभर मासे मिळाले म्हणायचे त्याला. कागद आण."

त्याने कागद आणला आणि मांडीवर पुठ्ठा घेऊन बसला. सवयीने हात चालू लागला: आपण पाठवलेला चाकू न्यूयॉर्क राज्यातल्या, आता बंद पडलेल्या एका कारखान्याचा असून. तिथे तो थांबला. त्याने तो कागद चुरगळून खिशात घातला आणि दुसरा घेतला.

"काय लिहू?"

"तिला लिही, जाळी सापडली," सेल्मा म्हणाली. "आणि लवकर ये म्हणावं. महिनाअखेरच्या आत."