बायच्या बाजूची भिंत

"वयनीनू, भोक पाडू तरी खंयच्या भितीक?" गंगाराम गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन उभा होता. मी अंगणात आनंदीच्या पाठीवरून हात फिरवत होते. खोकून खोकून निळसर पडलेले तिचे ओठ आत्ता कुठे गुलाबी होत होते.

मालवणात इनासियाबायचं अर्धं घर आम्ही भाड्यानं घेतलं होतं. तिथली जुनी न्हाणी माडाच्या विणलेल्या झापांची. पाणी तापवायच्या चुलीचा धूर फटींतून आपोआप निघून जायचा. "चेडू रांगता गो, झापातसून किरडू येतला," म्हणत सापाच्या धास्तीनं बायने यंदा ती पक्की बांधून घेतली. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. नवी सून दाखवावी तशी ती येईल त्याला न्हाणी दाखवायची. धुराचं मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आज पहिल्यांदा चूल पेटवली आणि लेकीचा श्वास कोंडला.

"पश्चिमेक नको," गंगाराम म्हणाला. "समुद्राचो वारो धूर उलटो आत ढकलतलो. हयसर बाव, पाण्याक माणसा येतत. बायलमाणसांनी न्हावचा कसा? ऱ्हवली ती बायची बाजू."

त्या बाजूला अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे बायच्या निजायच्या खोलीची एकुलती एक खिडकी. भाडेकरूने मागावं तरी किती!

"पाणी मी स्वयंपाकघरात तापवीन," मी शेजारीच उभ्या असलेल्या बायला म्हटलं.

"आणि कडकडीत हंडो घेवन घरभर नाचतलंस? चेडू पायात इला म्हणजे?" ती गंगारामवर खेकसली, "माजा तोंड काय बघतस? फोड माज्या बाजूक!"

"बाय, धूर सरळ तुमच्या खाटीर येतलो."

"येवंदे. माजो घोव जल्मभर विडये ओढी होतो. माका काय्येक झाला नाय, तोच गेलो!"

आम्ही तिघंही हसलो. माझे डोळे मात्र भरून आले.

रविवारी मी पुन्हा चूल पेटवली. धूर छताशी घुटमळला, मग नव्या झरोक्यातून सरळ बाहेर पडला. आनंदी पाण्यावर थापा मारत खिदळत होती. एकदाही खोकली नाही.

बोळापलीकडे बाय चर्चमध्ये मिसाला जायच्या तयारीत होती. धूर तिच्या खोलीत शिरताना मला दिसला.

तिचा हात खिडकीशी आला. मला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या हाताने तिने दारं ओढून घेतली.

कडी तेवढी वाजलीच.