बिनदेवाचं कौतुक

नुसतं "छान आहे हं गाय" म्हणून पुढं जाणारं माणूस मला डोळ्यांसमोर नको. "देव तिचं भलं करो" म्हणायला जीभ झिजते का? आयर्लंडच्या आमच्या कॉनेमारात शेंबड्या पोरालाही कळतं हे. दृष्ट लागली, की ज्यानं कौतुक केलं त्यालाच धरून आणायचं, जनावरावर थुंकायला लावायचं, देवाचं नाव घ्यायला लावायचं.

आमची गाय ड्रिमीन दुपारी गोठ्यात आडवी झाली. शेपटीला लाल चिंधी होती, पवित्र विहिरीचं पाणी शिंपडलं, तरी उठेना. एकुलती एक गाय, व्यायला आठ दिवस राहिलेले. माझं अंगावरचं दूध आटत चाललेलं. ही गेली तर तान्ह्या कॅटला पाजू काय? बटाट्याचं पाणी?

"काल शेजारची डेलिया कुंपणाशी घुटमळत होती," मी नवऱ्याला म्हणाले. "तिचंच काम!"

"उगाच कुणाच्या नावानं खडे फोडू नकोस," फेस्टी म्हणाला.

मी ऐकते होय! डेलियाच्या दारात जाऊन अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडले.

"मी माझी शेळी शोधत होते, गोबनेट. तुझ्या गाईकडं पाहिलंसुद्धा नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "पण लेकरू उपाशी नको राहायला. चल."

लोकांदेखत ती तीनदा थुंकली, देवाचं नाव घेतलं. ड्रिमीन हलली नाही. आणि मला एकदम आठवलं. सकाळी बटाट्याच्या साली घालताना ड्रिमीनचं कपाळ खाजवत मीच म्हणाले होते, "राणी माझी, गावात तुझ्यासारखी दुसरी नाही." देवाचं नाव घ्यायचं राहूनच गेलं होतं.

तिथंच कबूल करायला हवं होतं. लाज वाटली. माणसं पांगल्यावर मी वाकून हळूच थुंकले, देवाचं नाव पुटपुटले. ड्रिमीन धडपडत उठली.

वळून बघते तर डेलिया गोठ्याच्या दारातच उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. अंगणात फेस्टीच्या कडेवर कॅट होती. डेलिया तिच्याकडं गेली, गालावरून बोट फिरवलं.

"काय गोड पोर आहे," ती म्हणाली. "असं लेकरू मी जन्मात पाहिलं नाही."

मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. ती फाटकाकडं चालू लागली.

"डेलिया! देवाचं नाव घे गं! चुकले मी, पाया पडते तुझ्या!"

तिनं फाटकाची कडी नीट लावली आणि गेली. कॅट हसत होती. मला रडू फुटलं.