पुसलेलं दावं

साताऱ्यातल्या त्या घरात मला चहा दिला आणि मी तो प्याले, हे आठवलं की अजून मला माझाच राग येतो.

आम्ही कॅमेरा घ्यायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी नात पल्लवी. ती माझ्या धनाजीची थोरली. फलटणला वसतिगृहात राहून शिकली आणि तिथंच तिला रानातल्या जनावरांचे फोटो काढायचा नाद लागला. मोबाइलवर काढायची. त्यात हरण हुलग्याएवढं दिसायचं. मग म्हणायची, "आज्जे, मला खरा कॅमेरा पायजे. जवळ न जाता जवळचं दिसतं त्यात." हे मला पटलं. जनावराच्या उगाच जवळ जाऊ नये, हे मी जन्मभर पोरांना सांगत आले आहे. म्हणून मी दोन मेंढे विकले. धनाजी आठ दिवस माझ्याकडं न बघता जेवला.

कोणता कॅमेरा ते ठरलेलंच होतं. जयराजसर म्हणून साताऱ्यातले एक बांधकामाचे ठेकेदार आहेत. त्यांनाही हाच नाद. वर्षभर पल्लवी सुट्टीला त्यांच्या जीपमधून माळ हिंडत होती. त्यांनी आता नवा कॅमेरा घेतला होता आणि जुना, लांबलचक लेन्ससकट, तिला अर्ध्या किमतीत देणार होते. वर उन्हाळ्यात तिला आपल्याबरोबर कामाला नेणार होते. आमची मेंढरं तेव्हा इस्लामपूरकडं, ऊस तुटलेल्या रानात बसवलेली होती. सकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला गेलो.

जयराजसरांनी कॅमेरा टेबलावर मांडला.

"आजी, हा मिररलेस. आत आरसा नाही, म्हणून खटखट नाही. शंभर फोटो काढले तरी जनावराला पत्ता लागत नाही." त्यांनी तो खिडकीबाहेर धरला. रस्त्यावर कुत्रं चाललं होतं. पडद्यावर एक लहान चौकोन त्या कुत्र्याच्या डोळ्यावर जाऊन बसला आणि कुत्रं वळलं तसा वळला. "बघा, डोळा आपला आपण शोधतो."

मी तो हातात घेतला. लेन्ससकट नुकत्याच जन्मलेल्या कोकराएवढं वजन भरलं.

"लय जड हाय. पोरगी दिवसभर कशी वागवंल?"

"आजी कॅमेरा घ्यायला आल्यात का मेंढरू?" ते हसले. पल्लवीही हसली.

"दोन्ही हातात धरूनच घ्यायचं असतंय, साहेब," मी म्हणाले, आणि तो खाली ठेवताना माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली.

भिंतीवर दाराएवढा फोटो होता. पहाटेचं ऊन, वाळलेलं गवत आणि उडी घेतलेला लांडगा. चारी पाय जमिनीवरून सुटलेले, तोंड उघडं. त्याच्या पुढ्यात एक काळं कोकरू. खाली पितळेच्या पट्टीवर बक्षिसाचं नाव कोरलं होतं.

कोकराच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं.

आमच्यात मेंढरामागं पुरुष जातात आणि कोकरं बायका बघतात. संध्याकाळी मेंढरं परत आली की एकेक कोकरू त्याच्या आईला नेऊन लावायचं. शंभर-दीडशे कोकरं असतात. एक चुकलं तर आई लाथ मारते आणि पोर उपाशी राहतं. हे काम मी लहानपणापासून करते आहे.

"हे आमचं कोकरू हाय," मी म्हणाले.

"काळी कोकरं सगळी सारखीच दिसतात, आजी."

"तुमास्नी दिसत असत्याल."

दिवाळी झाल्यावर आम्ही फलटणच्या पुढं माळावर उतरलो होतो, तेव्हा पल्लवीच ह्या माणसाला आमच्या तळावर घेऊन आली होती. एका मेंढीला जुळं झालं होतं आणि दूध एकापुरतंच होतं. जयराजसर म्हणाले, माझ्या शेतावर धाकट्या पोरीला पाळायला एक कोकरू द्या. पाळायला, हा त्यांचाच शब्द. मी जुळ्यातलं एक दिलं. विकलेल्या जनावराबरोबर आम्ही दावं देत नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. पण ते म्हणाले, जीपमध्ये उड्या मारंल, दावं असू द्या. शिकलेला माणूस, नातीचा गुरू, म्हणून मी माझ्या हातानं वळलेलं लोकरीचं दावंसुद्धा दिलं. ती मेंढी तीन दिवस ओरडत होती. त्यावर मी तिला म्हणाले होते, गप बाई, चांगल्या घरी गेलंय.

मी उठून फोटोजवळ गेले.

"दावं कुठाय?"

"कसलं दावं?"

"हे कोकरू बांधल्यालं हाय." मी बोट लावून दाखवलं. "मोकळं कोकरू लांडग्याफुडं असं उभं ऱ्हात न्हाई. ते पळतंय, न्हाईतर खाली बसतंय. ह्याचं मागलं पाय मातीत रुतल्यात, मान एका अंगाला ताणलीया, गळ्याखालचं कातडं गोळा झालंय. दाव्याला वढ घेतल्यावर जनावर असं उभं ऱ्हातंय. तुमी दावं पुसलं. वढ ऱ्हायली."

जयराजसरांनी पल्लवीकडं बघितलं. पल्लवी टेबलाकडं बघत होती.

"हे बघा आजी," ते म्हणाले, "फोटो थोडा साफ करावाच लागतो. सगळेच करतात. आणि तुम्हाला पैसे मिळाले, लांडग्याला खायला मिळालं. वाईट कुणाचं झालं?"

कुणाचं झालं ते मला त्या क्षणी कळलं. तो लांडगा आणि त्याची मादी फलटणच्या त्या माळावर चार वर्षं होती. आमच्या तळापासून हाकेच्या अंतरावरून जायची. आमचं कुत्रं भुंकायचं, ती बाजूला व्हायची. वर्षातून एखादं मागं राहिलेलं मेंढरू जायचं, त्याचं आम्ही मनाला लावून घेत नव्हतो. पण गेल्या दिवाळीनंतर तो सरळ तळावर यायला लागला. तीन पहाटे सलग आला. कोकरांच्या जाळीत शिरून चार कोकरं नेली, आडव्या गेलेल्या कुत्र्याची मान फाडली. धनाजी म्हणत होता, लांडगा पिसाळला. मी म्हणत होते, पाऊस कमी झाला, ससे कमी झाले असतील.

"तुमी त्याला शिकिवलं," मी म्हणाले. "माणसाच्या वासाचं, एका जाग्याला बांधल्यालं, वरडणारं कोकरू खायाचं असतंय, हे त्याला ठावं न्हवतं. ते तुमी शिकिवलं, आन तुमी साताऱ्याला निघून आला. माझी चार कोकरं गेली. उद्या गावातली माणसं त्याला विष घालत्याल."

"आजी, आवाज खाली."

"माझा आवाज माळावरचा हाय. खाली येत न्हाई. पल्लवे, तुला ठावं हुतं?"

तिनं टेबलावरचं झाकण उचलून लेन्सला लावलं.

"चार महिनं तुला इचारतीया, कोकरू कसं हाय. तू म्हणालीस, मोठं झालंय."

"व्हिडिओ मी काढला, आज्जे," ती म्हणाली. "ह्याच कॅमेऱ्यावर."

मी म्हणाले, दाखव. जयराजसर म्हणाले, कशाला आता. मी म्हणाले, पैसे माझ्या कमरेला आहेत आणि माल मला बघायचा आहे. पल्लवीनं आपल्या मोबाइलवर लावला.

त्यात दावं होतं. माझा काळा-पांढरा पीळ बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे देऊन बांधलेला. कोकरू ओरडत होतं, आणि ते कशासाठी ओरडतं ते मला कळतं, ते आईला हाक मारत होतं. मग अगदी जवळून कुजबुज आली, "सर, आला. आला बघा." तो आवाज माझ्या नातीचा होता. आणि तो आवाज आनंदात होता.

कप तिथंच ठेवून मी जिना उतरले.

एसटी स्टँडवर पल्लवी मला गाठून म्हणाली, "कॅमेऱ्यानं काय केलंय, आज्जे? एवढा चांगला कॅमेरा एवढ्या पैशात कुठं मिळणार न्हाई."

"त्येच्या हातचा नको."

"आन आपण काय करतो गं? कोकरं कसायाला इकतो की. तवा कुठं जातोय तुझा राग?"

शेजारच्या बाया आमच्याकडं बघायला लागल्या. बघू दे म्हटलं.

"इकतो. मी कसाई हाय म्हणून जो येतोय त्येला इकतो. पाळतो म्हणून कसाई येत न्हाई. आन कसाई त्येचा फोटो भिंतीला लावून बक्षीस घेत न्हाई."

"तुझं आयुष्य मेंढरामागं गेलं. मला न्हाई घालवायचं."

हे तिनं असं सांगितलं जणू मेंढरामागं जाणं ही शिक्षा आहे आणि ती माझ्याकडून तिला मिळणार आहे. माझा हात उठला होता. मी तो पदरात गुंडाळला.

"मग ऐक," मी म्हणाले. "कॅमेरा मी देती. पण हा व्हिडिओ आधी सगळ्यांना दाव. दाव्यासकट. मग देती."

"सर मला परत कवा न्हेणार न्हाईत. कुणीच न्हेणार न्हाई. ह्या नादातली सगळी माणसं त्यांच्या वळखीची हायत."

"मग चालत जा. आमी जातोय तशी."

त्यानंतर बारा दिवस आम्ही एका तळावर राहिलो आणि एकमेकींशी बोललो नाही. भाकरी ती थापायची, मी खायची. तिला बघितलं की मला ती कुजबुज ऐकू यायची. धनाजी म्हणाला, आई, पोर हाय, सोड. मी त्याला म्हणाले, तू तुझी मेंढरं बघ.

तेराव्या दिवशी सकाळी पल्लवीनं मोबाइल माझ्या हातात दिला. तिनं व्हिडिओ टाकला होता. खाली लिहिलं होतं ते मी एकेक अक्षर लावून वाचलं. हे कोकरू आमच्या कळपातलं आहे. ते मुद्दाम बांधलं होतं. फोटोतलं दावं नंतर पुसलं आहे. व्हिडिओ मी काढला आहे आणि त्यात माझी चूक आहे. खाली तिनं आपलं पूर्ण नाव घातलं होतं.

दुपारपर्यंत तिचा मोबाइल थांबेना. जयराजसर तर फोनवर असे ओरडत होते की मला लांबून ऐकू येत होतं. तू संपलीस, म्हणत होते. बाकीची माणसंही काही तिच्या बाजूची नव्हती. तूही त्यातलीच, असं कितीतरी जणांनी लिहिलं. तिनं ते मला वाचून दाखवलं.

"खरं लिवलंय," मी म्हणाले. मला तिची दया आली नाही असं नाही. पण राग मोठा होता.

दोन दिवसांनी आम्ही सांगलीला गेलो.

दुकान नेमिनाथ म्हणून एका जैन व्यापाऱ्याचं होतं. साठीचा शांत माणूस. पल्लवीनं जे सांगितलं तेवढंच तो दाखवत होता. जयराजसरांच्या कॅमेऱ्यासारखा मोठा आमच्या पैशात बसत नव्हता. दोन बसत होते. एकाचा फोटो फार मोठा करता येत होता आणि संध्याकाळच्या उजेडातही तो चांगला दिसत होता. दुसऱ्याचा आतला उजेड टिपणारा तुकडा लहान, म्हणून अंधार पडला की फोटोत वाळू सांडल्यासारखी दिसायची. पण त्याला बसणारी लांब लेन्स हलकी होती.

"पहिला घ्या," नेमिनाथ म्हणाले. "सगळे तोच नेतात."

"तुमी हे सावलीत दावताय," मी म्हणाले. "माळावर सावली नसती. भाईर काढा."

"आजी, ऊन किती आहे बघा."

"म्हणूनच म्हंतीया."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पोऱ्याला न पाठवता स्वतः स्टूल उचललं. भर एप्रिलातल्या दुपारी रस्त्याच्या कडेला दोन्ही कॅमेरे मांडले, व्हिडिओ चालू केला आणि आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो. समोर एक काळं कुत्रं पसरलं होतं. दोन्ही कॅमेऱ्यांचे चौकोन त्याचा डोळा शोधत इकडं तिकडं फिरत होते. काळ्या तोंडातला काळा डोळा त्यांना सापडत नव्हता.

"आता?" मी विचारलं.

"काळ्याला मी हातानं फोकस करीन," पल्लवी म्हणाली. ती माझ्याशी नव्हे, कॅमेऱ्याशी बोलत होती.

वीस-बावीस मिनिटांनी पहिल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल खूण आली आणि तो बंद पडला. हात लावला तर तव्यासारखा. दुसरा चालू राहिला. चाळीस मिनिटं झाली तरी चालूच होता.

"तीस वर्षं धंदा करतोय," नेमिनाथ म्हणाले, "असं गिऱ्हाईक बघितलं नाही."

"व्हिडिओसाठी हाच बरा," पल्लवी म्हणाली. "फोटो जरा कमी येईल. पण थांबायचा न्हाई. आन मी दिवसभर वागवू शकीन." तिनं तो गळ्यात घातला, लेन्स लावून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. "हाच द्या."

मी कमरेची पिशवी सोडली.

संध्याकाळी तळावर मी कोकरं लावत होते. पल्लवी बांधावर कॅमेरा घेऊन बसली होती. मी मान वर केली तेव्हा लेन्स माझ्याकडं होती. मी काही बोलायच्या आत तिनं लेन्स खाली केली.

"आज्जे, तुझा काढू का?"

"न्हाई."

तिनं लेन्सला झाकण लावलं, कॅमेरा पिशवीत ठेवला, आणि येऊन माझ्या समोरचं कोकरू उचललं. त्याची आई कोणती ते तिला ओळखता येईना. मी सांगितलं नाही. ती एकेका मेंढीपाशी नेऊन बघत राहिली.