लेव्हीच्या मोटारीची जाळी

जालन्यात मोटारीची नस ओळखणारा माणूस एकच, आणि तो आपण, याबद्दल भुजंग मिस्त्रीला तिळमात्र शंका नव्हती. बरं, ते खोटंही नव्हतं. नुसत्या आवाजावरून तो सैल बोल्ट सांगायचा. म्हणूनच सरकीचे व्यापारी नथमल शेठ जेव्हा म्हणाले, "मिस्त्री, मोटारीची पुढची जाळी बदलून टाका," तेव्हा त्याचं डोकंच फिरलं.

मोटार शेठनी लिलावात घेतलेली. निजामाच्या अमदानीत ती लेव्हीच्या अंमलदाराकडे होती. ती गावात शिरली की अंमलदाराची माणसं लेव्ही म्हणून घरातली ज्वारी सक्तीनं मोजून न्यायची. राज्य गेलं, लेव्हीही उठली, तरी शेठ मोटार घेऊन खेड्यात गेले की पटापट दारं लागायची.

"लोक जाळी पाहून पळून राह्यले," शेठ म्हणाले. "लांबून तीच दिसते."

भुजंगानं त्या उभ्या, चकाकत्या पट्ट्यांवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत एकही वाकली नव्हती. "शेठजी, ही कंपनीची जाळी हाय. असं काम आता व्हत न्हाई. लोक भितात ते भोंग्याला. भोंगा बदलतो, काळा रंग काढून हिरवा देतो. जाळीला बिलकुल हात लावणार न्हाई."

शेठ सबुरीचा माणूस. "बराबर. मंग तुम्हीच एखाद्या गावात नेऊन दाखवा. लोक थांबले तर राहू द्या जाळी."

भुजंगानं गाव निवडलं ते जाफराबादकडचं, आपल्या मावशीचं. तिथं आपल्याला पाहून कोण पळणार? हिरवीगार मोटार घेऊन, नवा भोंगा वाजवत स्वारी भर दुपारी ऐटीत निघाली. गावात पोचला तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मावशी, द्वारकाबाई, एकटीच अंगणात कडब्याच्या ढिगावर बसली होती. पदर कपाळाखाली ओढलेला, मान खाली.

"साहेब, घरात दाणा न्हाई," ती वर न बघता म्हणाली.

"मावशे, मी भुजंग."

तिनं वर पाहिलं. ओळख पटताच ती एकदम उठून दोन्ही हातांनी पेंढ्या फेकू लागली. "तुझे काका आत हायेत रे. पेव उघडलं व्हतं, ज्वारी काढाया उतरले व्हते. मोटार दिसली तसे तेच म्हणले, झाक जल्दी."

भुजंग ढिगाकडे धावला. जमिनीतल्या पेवाचं तोंड बंद झालं की आतली हवा माणसाचा जीव घेते, हे त्यालाही ठाऊक होतं. दोघांनी कडबा उपसला, फळी सारली. कारभारीकाका तोंडाखालीच उभे होते, म्हणून हाताला लागले. भुजंगानं पालथं पडून, बखोटीला धरून त्यांना वर ओढलं. चेहरा काळानिळा पडलेला, छाती भात्यासारखी चाललेली. बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडून पहिला शब्द फुटला.

"गेला का साहेब?"

भुजंगाला रडू कोसळलं. आजचा साहेब तोच होता.

डोळे पुसून तो उठला, मोटारीतून पाना काढला आणि रस्त्यातच जाळीपुढे बसला. एकेक बोल्ट सोडवला. इतकं सुबक काम आपल्या हातानं उतरवताना त्याचा जीव तुटत होता, पण हात थांबला नाही. एक दार उघडलं, मग दुसरं. जाळी धुळीत आडवी झाली, तेव्हा सगळा गाव भोवती जमला होता.

मावशी मोटारीपुढच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती. "आता इथं काय लावशील?"

"तू सांगशील तसली घडवतो. माझ्यासारखी घडवणारा दुसरा कुणी न्हाई."

"कसलीबी घडव," ती म्हणाली. "पर बसवायच्या आधी डोक्यावर घेऊन पायी ये. आमी आधी तुझं तोंड पाहू, मंग जाळी."