पट्टी बांधून शोधलेलं झाड

उन्नतीला एक प्रश्न बरेच दिवस छळत होता. आजोबा बोलताना आपल्या कानाकडे का बघतात?

ती पाचवीत होती आणि पडलेला प्रश्न सोडायची तिला सवय नव्हती. तिनं आधी आरशात कान नीट बघितला. मग एके दिवशी मुद्दाम एकाच कानात मोठं लाल डूल घालून ती आजोबांसमोर जाऊन बसली. आजोबा त्याच कानाकडे बघत अर्धा तास शाळेबद्दल विचारत राहिले, पण डुलाबद्दल चकार शब्द नाही.

आजोबा म्हणजे भालचंद्र. वय बहात्तर. सरकारी बांधकाम खात्यात चाळीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले, हिंदी मुलखात थाटीपुरच्या घरी मुलगा शंतनु, सून अपर्णा आणि दोन नातवंडांसोबत राहणारे.

जानेवारीतल्या एका रविवारी अपर्णानं सगळ्यांना तिघरा धरणावर नेलं. ती शाळेत शिकवते. मुलांच्या हातातले मोबाइल घरी ठेवून दिवसभर बाहेर खेळायचं, असं तिनं ठरवलंच होतं. डब्यात धपाटे होते, पिशवीत चेंडू, कौलाचे सात तुकडे आणि एक जुनी ओढणी.

पहिला डाव लगोरीचा. उन्नतीचा दादा अंशुल अकरावीत. तो म्हणाला, "मम्मी, इसको सितोलिया कहते हैं. लगोरी कोण म्हणतं?"

"आम्ही म्हणतो," अपर्णा म्हणाली. "बाबा, पहिला नेम तुमचा."

"नको गं. गुडघे दुखतात," असं म्हणून आजोबा सतरंजीवर बसले.

उन्नतीला हे पटलं नाही. दर मंगळवारी किला गेटपासून किल्ल्याची चढण पायी चढणाऱ्या माणसाचे गुडघे सपाट मैदानावर कसे दुखतात? पण तेवढ्यात शंतनुनं चेंडू मारला, कौलं उडाली आणि ती पळत सुटली.

जेवण झाल्यावर अपर्णानं ओढणी बाहेर काढली. पलीकडे एका रांगेत दहा-बारा कडुलिंब उभे होते, सगळे साधारण एकाच वयाचे. ती म्हणाली, "एकाचे डोळे बांधायचे. जोडीदारानं त्याला गोल गोल फिरवत एका झाडापाशी न्यायचं. त्यानं ते झाड हातानं, नाकानं ओळखून ठेवायचं. परत आणून पट्टी सोडली की आपलं झाड शोधून काढायचं."

शंतनु भलत्याच झाडाला मिठी मारून आला. अंशुलला आपलं झाड सापडलं, पण दोनदा चुकल्यावर.

"आता मी," आजोबा उठत म्हणाले. गुडघ्यांचं नावही नाही.

उन्नतीनं त्यांचे डोळे बांधले आणि हात धरून मुद्दाम लांबच्या वळणानं चौथ्या झाडापाशी नेलं. आजोबांनी दोन्ही तळवे खोडावर टेकवले आणि हळूहळू खाली सरकवत नेले.

"कमरेपाशी गाठ आहे. मूठ आवळल्यासारखी," ते पुटपुटले. "ही बाजू उन्हानं गरम, ही गार. आणि इथून मुंग्यांची वाट गेलीय. आहेत ना?"

उन्नतीनं वाकून पाहिलं. खरंच मुंग्या होत्या. तिला डोळे उघडे असून दिसल्या नव्हत्या.

आजोबा जिंकावेत असं तिला फार वाटत होतं. निघताना तिनं वेणीची लाल रिबन सोडून गुपचूप खोडाला बांधली, अगदी आजोबांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

सतरंजीपाशी आल्यावर पट्टी सुटली. आजोबा सरळ कडुलिंबांकडे गेले. पहिल्या झाडाच्या कमरेवर हात फिरवला आणि पुढे सरकले. दुसरं. तिसरं. चौथ्यापाशी हात थांबला, दुसऱ्या बाजूला गेला, ऊन आणि सावली चाचपून आला.

"हेच!"

अंशुलनं शिट्टी मारली. "क्या बात है, आजोबा! एकही नाही चुकले!"

उन्नतीनं मात्र टाळी वाजवली नाही. ती आजोबांजवळ गेली.

"आजोबा, पट्टी काढली होती ना? मग तुम्ही हातानंच का शोधलंत?"

"अगं, सवय..."

"मी इथे लाल रिबन बांधली होती, तुम्हाला लगेच कळावं म्हणून. तुमच्या नाकासमोर आहे. तुम्हाला दिसली कशी नाही?"

आजोबांनी मान वर केली, मग थोडी तिरकी केली. तेव्हा कुठे त्यांना ती रिबन दिसली असावी, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा?" शंतनु जवळ आला होता.

आजोबा तिथेच मुळावर बसले.

"दिवाळीपासून चाललंय," ते म्हणाले. "एका सकाळी दाराची चौकट वाकडी दिसली. मला वाटलं, लाकूडच वाकलं. ओळंबा लावून पाहिला, तर ओळंब्याची दोरीही वाकडी. तेव्हा समजलं की चौकट ठीक आहे, बिघाड माझ्यात आहे. आता तर नजरेच्या मधोमध डागच पडलाय. जिथे बघावं नेमकं तेच पुसलं जातं."

"म्हणून तुम्ही माझ्या कानाकडे बघता!" उन्नती ओरडलीच.

"हो. कानाकडे बघितलं की तुझा चेहरा कडेनं दिसतो. कान तेवढा जातो."

"आणि डूलही," ती म्हणाली.

अपर्णा पुढे आली. "सांगितलं का नाहीत, बाबा?"

"माझे वडील डोळे गेल्यावर शेवटची सहा वर्षं खाटेवर बसून होते. कुणी नेईल तेव्हा जायचं, कुणी आणील तेव्हा यायचं. तुम्हाला कळलं असतं तर आधी स्कूटरची किल्ली गेली असती."

"स्कूटर!" शंतनुचा चेहरा लाल झाला. "मंगळवारी तुम्ही उन्नतीला नई सडकच्या रहदारीत घेऊन गेला होतात!"

"गेलो होतो." आजोबांनी मान खाली घातली. "सिग्नल ती सांगत होती."

उन्नतीला आठवलं. आजोबांनी नवा खेळ काढला होता. लांबून सिग्नलचा रंग आधी कोण ओळखतो, समोरून कोणती गाडी येतेय ते आधी कोण सांगतो. प्रत्येक वेळी तीच जिंकली होती आणि घरी येऊन तिनं केवढी बढाई मारली होती!

"तो खेळ नव्हता?" तिनं हळूच विचारलं.

आजोबांनी खिशातून किल्ली काढली आणि शंतनुच्या हातात ठेवली. "चुकलं माझं. माझ्या भीतीपायी मी पोरीचा जीव टांगणीला लावला."



दुसऱ्याच दिवशी शंतनु आजोबांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज होती. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण इंजेक्शनं दिली तर उरलेलं टिकण्याची आशा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी चौकटींचा एक कागद दिला. रोज एकेका डोळ्यानं त्याच्याकडे बघायचं आणि रेघा कुठे वाकतात, कुठे तुटतात ते पाहत जायचं.

आजोबांनी तेवढ्यावर भागवलं नाही. त्यांनी कपाटातून जुना नकाशाचा कागद काढला. दर रविवारी दुपारी अंगणात बसून ते आपल्या डागाचा नकाशा काढू लागले. उन्नती समोर पेन्सिलीचं टोक सरकवायची, आजोबा सांगायचे, "इथपर्यंत आहे... आता गेलं... आता परत आलं." ती तिथे तिथे ठिपका द्यायची. मग प्रश्न. डाग काळा की करडा? डोळे मिटल्यावरही असतो का? स्वप्नात माणसांची तोंडं नीट दिसतात का?

"स्वप्नात दिसतात," एकदा आजोबा नवलानं म्हणाले. "विचारलंस म्हणून लक्षात आलं."

मार्चमध्ये तिसरं इंजेक्शन झालं. नव्या नकाशात उजव्या डोळ्याचा डाग डाव्या कडेनं किंचित आत सरकून लहान झाला होता. शंतनु दोन महिने बापाशी कामापुरतं बोलत होता. त्या दुपारी तो चहाचा कप घेऊन अंगणात आला, जुना-नवा दोन्ही नकाशे हातात घेऊन उभा राहिला आणि मग बाजूच्या पायरीवर टेकला.

"बाबा," तो म्हणाला, "मी इथे बसलोय. माझं किती दिसतंय तुम्हाला?"